ट्वीटर गेलाय

माझ्या वडिलांनी उभं आयुष्य लोकांना एक गोष्ट समजावून सांगण्यात घालवलं. एकच स्पीकर सगळं वाजवू शकत नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं स्पीकर बनवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे काउंटर आणि मागे सोल्डरच्या धुराने काळवंडलेली खोली. गिऱ्हाईक आत येऊन ‘मोठा आवाज पाहिजे’ म्हणालं, की पप्पा डब्याची जाळी काढायचे आणि सुरू व्हायचे. मी शाळा सुटली की तिथे जायचे, काउंटरवर गृहपाठ करायचे. त्यामुळे ते प्रवचन मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

“लाकडी डब्याला लोक स्पीकर म्हणतात,” ते सांगत, “पण आवाज काढतो तो आतला ड्रायव्हर. हा मोठा, कागदी कोनवाला, हा वूफर. ढोलकी, तबल्याचा डग्गा, पुरुषाच्या आवाजातला भारदस्तपणा हे सगळं याच्याकडे. हा मधला मिडरेंज. माणसाचं बोलणं जास्त करून याच्या अंगावर पडतं. आणि हा वरचा, एवढासा, हा ट्वीटर. झांजा, घुंगरं, बासरीची फुंक, आणि स, श, च असली अक्षरं. ट्वीटर काढून बातम्या ऐका. बाई साठ म्हणाली की आठ, कळणार नाही.”

मग ते गिऱ्हाइकाचा हात धरून वूफरच्या कोनवर ठेवायचे. कोन हलताना हाताला जाणवायचा, गिऱ्हाईक खूश व्हायचं. ट्वीटरवर हात ठेवून काही कळत नसे. “हा हलतो ते दिसत नाही,” पप्पा म्हणत, “म्हणून लोकांना वाटतं हा शोभेचा आहे.” फुल रेंज नावाचा एकच ड्रायव्हर सगळी कामं करायचा प्रयत्न करतो, तो रेडिओला ठीक. भोंग्याच्या मागे असतं ते युनिट. त्यातला बारीक पडदा पुढच्या लांब तोंडामुळे गावभर ओरडतो, पण त्यात गोडवा नसतो. आणि या सगळ्यांना कामं वाटून देणारी, जाड सूर तिकडे आणि बारीक सूर इकडे धाडणारी जी तारांची गुंडाळी, तो क्रॉसओव्हर. त्याचं श्रेय कोणीच देत नाही, असं ते म्हणत, आणि स्वतःबद्दलच म्हणत असत.

दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक डबा पप्पा स्वतः कानाने लावत. हा त्यांचा नेम होता. मागच्या खोलीत स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे, एक ठरलेली कॅसेट लावायची आणि ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करत राहायचं. त्या वेळी खोलीत कोणी बोललेलं चालत नसे. हाताखालच्या कारागिरांनी बाकी सगळं करावं, पण शेवटचा कान पप्पांचा. “मीटर काय कोणीही विकत आणतो,” ते म्हणायचे. सगळा बुधवार त्यांच्या कानाला मानायचा. शेजारचे दुकानदारसुद्धा अडलेला डबा घेऊन यायचे आणि पप्पा डोळे मिटून सांगायचे, मिडरेंजची कॉइल घासतेय, उघडा. उघडल्यावर घासतच असायची.

असा हा कान घरी आला की बंद व्हायचा. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, “अहो, ऐकलंत का?” पप्पा पेपर वाचत बसलेले. ती दुसऱ्यांदा हाक मारायची, तिसऱ्यांदा मी मारायचे. ओ नाही. तेवढ्यात जिन्यावरून शेजारचे काका साध्या आवाजात म्हणायचे, “आहात का?” की पप्पा लगेच उठून, “या, या.” मी सातवी-आठवीत असेन, तेव्हापासून माझ्या पोटात याचा राग साठत गेला. बायकांच्या हाकेला ओ देणं त्यांना कमीपणाचं वाटतं, असं मी ठरवून टाकलं होतं. आई तसं म्हणत नसे. ती म्हणायची, दिवसभर दुकानात गोंगाट असतो, दमतात ते. आईकडे पप्पांसाठी कायम एखादी सबब तयार असे.

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. हडपसरला आमच्या वस्तीत विहार आहे. वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वंदना झाली की एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकायला येणाऱ्यांत निम्म्याच्या वर म्हाताऱ्या बाया, पांढरी लुगडी नेसून, गुडघे धरून बसलेल्या. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. आईच्या आईलाही नव्हती. आजीने धम्म घेतला तो ऐकून घेतला, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकत राहिली. त्यामुळे त्या बायांपुढे बसून वाचणं ही आईच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. नोकरीपेक्षा मोठी, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षाही. वर्षभर ती या तीन महिन्यांची वाट पाहायची.

ती वाचायची फार छान. बारीक, स्वच्छ आवाज, एकही अक्षर गिळलेलं नाही. अवघड शब्द आला की थांबून साध्या भाषेत सांगायची. एखादी म्हातारी मधेच म्हणायची, “बाई, ते मघाचं परत वाच गं, माझं ध्यान नव्हतं,” आणि आई न कुरकुरता परत वाचायची. माइक आणि स्पीकर अर्थातच पप्पांचे. विहारासाठी त्यांनी खास दोन डबे बनवून दिले होते, फुकट. भिंतीला टेकून शेवटच्या ओळीत ते अँप्लिफायर घेऊन बसायचे. लहानपणी मला ते दृश्य बघून बरं वाटायचं. आई पुढे बोलतेय, पप्पा मागे तिचा आवाज सांभाळताहेत. घरात नसलं तरी इथे तरी ते तिचं ऐकतात, असं वाटायचं.

मग बाजार खुला झाला. बुधवारात बाहेरच्या देशांतल्या मालाचे ढीग लागले. खोक्यावर छापलेले हजारो वॅट वाचून लोक घरी न्यायचे आणि आत ड्रायव्हर म्हणाल तर तळहाताएवढा. पप्पा संतापायचे. ते संतापायचे ते मला पटायचं, कारण ते खोटं बोलत नव्हते. पुढे कॉम्प्युटर आले, त्यांच्याबरोबर टेबलावर ठेवायचे छोटे स्पीकर आणि टेबलाखाली एक सबवूफर. सगळा जोर त्या खालच्या डब्याला, वरचे दोन नावाला. मिरवणुकीतल्या पोरांना तर छातीत धडकी भरेल एवढंच हवं होतं. शब्द कळला नाही तरी चालेल. “लोकांचे कान गेलेत,” पप्पा म्हणायचे. रोज म्हणायचे. जेवताना, झोपताना, रिक्षात.

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट होत होती. जुनी, भरवशाची गिऱ्हाइकं डबे परत आणू लागली. कोणी म्हणायचं, टोचतो. कोणी म्हणायचं, काचेवर नख ओढल्यासारखं वाटतं. पप्पा मागच्या खोलीत नेऊन डोळे मिटून ऐकायचे, ट्वीटरचा आवाज आणखी थोडा चढवायचे आणि परत द्यायचे. “तुम्हाला आता त्या प्लॅस्टिकच्या डब्यांची सवय झालीय,” वर हे. पुण्यात दुकानदाराने गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवणं नवीन नाही, त्यामुळे लोकांनी ते ऐकून घेतलं. फक्त परत आले नाहीत.

विहारातही तेच सुरू झालं. पप्पा आईला म्हणू लागले, “तुझे शब्द उमटत नाहीत.” आई आणखी खणखणीत वाचायची. पप्पा म्हणायचे, अजूनही नाही. त्यांनी डब्यांतले ट्वीटर बदलले. मऊ रेशमी घुमटवाले काढून तिथे कर्कश पिएझो ट्वीटर बसवले, जे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीत लावतात. तरीही त्यांचं समाधान होईना. “ट्वीटर गेलाय,” ते म्हणायचे आणि नवा आणायचे. दर वर्षावासात एखादी जोडी बदललेली असायची. आणि इकडे पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या कानावर पदर घ्यायला लागल्या. एक तर आईला सरळ म्हणाली, “तू वाचती ते लई ग्वाड हाय बाई, पर कानात सुई घातल्यागत व्हतंय. जरा हळू वाच की.”

आई हळू वाचायला लागली. मागून पप्पांनी हाताने खूण केली, मोठ्याने. ती मोठ्याने वाचायला लागली, पुढून म्हाताऱ्यांनी खूण केली, हळू. पूर्ण एक वर्षावास ती बाई या दोन खुणांच्या मधे वाचत राहिली. रात्री गरम पाण्याच्या गुळण्या करायची. आपल्याच घशात काही दोष आहे, असं तिला वाटायला लागलं.

शेवटी विहाराच्या समितीची बैठक झाली आणि तीत पप्पांनी, आवाजातले जाणकार म्हणून, मत दिलं. ते मी स्वतः ऐकलं, कारण चहा द्यायला मीच होते. ते म्हणाले, “काही आवाज माइकला चालत नाहीत. त्यात कोणाची चूक नसते. बायकांच्या आवाजात खालचा भाग नसतो, नुसता वरचा असतो. त्यामुळे लांबून कळत नाही आणि जवळून टोचतो. पुरुषाचा आवाज ठेवा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आवाजाचा माणूस सांगतोय, आणि स्वतःच्या बायकोबद्दल सांगतोय, म्हणजे निःपक्षपातीच असणार. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, भारदस्त आवाजाचे. त्यांना पुस्तक दिलं. आई खाली बायकांत जाऊन बसली.

बँकेतले काका वाचायचे ते बँकेत सूचना वाचल्यासारखं. थांबणं नाही, परत वाचणं नाही. म्हाताऱ्या हळूहळू एकमेकींशी बोलू लागल्या, मग एकेक करून यायच्या थांबल्या. मागच्या ओळीत पप्पा मात्र खूश. “आता कसा भरीव येतोय,” ते म्हणाले. त्यांना तो खरंच भरीव ऐकू येत होता.

घरी मी भांडले. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला भांडता येत होतं. “तुम्ही आईला उठवलंत,” मी म्हणाले. पप्पा पेपरमधून वर न बघता बसले होते. मी परत म्हणाले. आई म्हणाली, “जाऊ दे गं.” पप्पांनी पान उलटलं. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या माणसाशी बोलणं सोडलं.

पुढे मला नोकरी लागली, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि सौम्य शब्दांत कळवायच्या, याचे मला पैसे मिळू लागले. दुकान तोवर बंद पडलं होतं. आम्ही हडपसरच्या पुढे मांजरी गावात नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, तिघंही तिथे राहायला गेलो. खिडकीतून ऊस दिसायचा आणि दर सहा महिन्यांनी थोडा कमी दिसायचा. पप्पांनी एका बेडरूममध्ये आपली मागची खोली पुन्हा मांडली. विहाराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. वर्षावासात ते आणि आई रोज बसने हडपसरला जायचे, ते शेवटच्या ओळीत बसायला, ती बायकांत.

तेव्हा भारनियमन जोरात होतं. माझ्या कॉम्प्युटरला यूपीएस होता आणि वीज गेली की तो कर्णकर्कश पीं पीं करायचा. एका दुपारी मी सुट्टीवर होते. वीज गेली, यूपीएस केकाटायला लागला. मी स्वयंपाकघरात होते, हात कणकेत. आई अंगणवाडीतल्या बाईंशी खाली बोलत होती. मी ओरडले, “पप्पा, बटण बंद करा.” तो ओरडतच राहिला. तणतणत बाहेर आले तर पप्पा यूपीएसच्या शेजारच्या खुर्चीत, गुडघ्यावर पेपर, शब्दकोडं सोडवताहेत. केकाटणारा तो डबा त्यांच्या पायाला लागून होता. चेहऱ्यावर एक आठी नाही. कोणी एवढं दुर्लक्ष करू शकत नाही. आईच्या हाकेकडे करता येईल, माझ्याकडे करता येईल, पण त्या आवाजाकडे नाही. मी कणकेचे हात तसेच धरून उभी राहिले.

रविवारी मी त्यांच्या खोलीत गेले. स्पीकर तपासायचं त्यांचं जुनं यंत्र होतं, ऑसिलेटर. त्याची तबकडी फिरवली की अगदी जाड घुमणाऱ्या सुरापासून अगदी बारीक शिट्टीपर्यंत एकसलग आवाज निघतो, आणि कोणता ड्रायव्हर कुठे अडखळतो ते कळतं. मी म्हणाले, मला हे शिकायचंय. पप्पा केवढे खुलले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या कामाबद्दल काही विचारत होते. त्यांनी डबा जोडून दिला, स्टुलावर बसले, डोळे मिटले. “फिरव हळूहळू.” आई दारात उभी होती.

मी तबकडी फिरवत गेले. वूफर गुरगुरला. “छान,” पप्पा म्हणाले. मिडरेंज बोलू लागला. “पुढे.” सूर वर चढत गेला, उकळत्या किटलीच्या शिट्टीपाशी आला. पप्पांनी कान जरा पुढे केला. मी आणखी फिरवलं. आता तो इतका तीक्ष्ण झाला की आईने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि माझे दात आंबले. पप्पा डोळे मिटून शांत बसले होते. वाट बघत. मग त्यांनी डोळे उघडले, निराशेने मान हलवली आणि म्हणाले, “ट्वीटर गेलाय. बदलायला पाहिजे.”

आईने कानांवरचे हात काढले नाहीत. यंत्र मी बंद केलं तरी काढले नाहीत. तिला माझ्याइतकंच कळलं होतं. विहार, म्हाताऱ्या, गुळण्या, समितीची बैठक, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक गेलेलं मी पाहिलं. मग ती भाजी चिरायला गेली.

मला मात्र, लाज वाटते सांगायला, पण आनंद झाला. फार आनंद झाला. म्हणजे तो गर्व नव्हता, तुच्छता नव्हती. बायकांचे आवाज त्यांना ऐकूच येत नव्हते. काकांचा जाड आवाज पोचत होता, आमचा पोचत नव्हता, बस. हा दोष एका ड्रायव्हरचा होता आणि ड्रायव्हर बदलता येतो. लहानपणापासूनचा सगळा राग मी त्या एका रविवारी सोडून द्यायला तयार होते.

कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला महिनाभर घालवावा लागला. लोकांचे कान गेलेत म्हणणारा माणूस स्वतःचा कान दाखवायला सहज तयार होत नाही. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आलेख काढला. डावीकडे जाड सूर, उजवीकडे बारीक. रेघ बरीच वर सरळ चालत होती आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली. डॉक्टर समजावून सांगायला लागले, तर पप्पांनी हाताने थांबवलं. असे आलेख त्यांनी जन्मभर पाहिले होते. “हा वूफरचा ग्राफ आहे,” ते म्हणाले. भोंग्याची युनिटं वर्षानुवर्षं कानाशी धरून तपासली त्याचा परिणाम असावा, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना रिक्षात पप्पांनी ‘लोकांचे कान’ काढले नाहीत. पहिल्यांदाच.

मला वाटलं होतं, ते आता आईला काही म्हणतील. मी वाट पाहिली. माफी वगैरे नाही, तेवढी खुळी मी नव्हते. “तुझा आवाज ठीक होता,” एवढं एक वाक्य. आईसुद्धा वाट पाहत होती. ती तसं कबूल करणार नाही, पण त्या आठवड्यात तिने रोज त्यांच्या आवडीचं केलं. वाक्य काही आलं नाही.

मग मी कानाची यंत्रं आणली. दोन्ही कानांची, चांगल्यातली. पप्पांनी ती भिंगाखाली धरून पाहिली. आतला ड्रायव्हर तांदळाच्या दाण्याएवढा होता. “चांगलं काम आहे,” ते म्हणाले, आणि हे त्यांनी परदेशी मालाबद्दल काढलेले पहिले बरे शब्द. कानात घातल्यावर ते दचकले. पंख्याची कुरकुर, पेपरचा खळखळाट, आईच्या बांगड्या, सगळं एकदम अंगावर आलं. आई म्हणाली, “अहो, येतंय का ऐकू?” तिला इतक्या वर्षांची ओरडून बोलायची सवय. पप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. “किंचाळतेस काय? अशीच बोलतेस का तू नेहमी?”

“नाही,” आई म्हणाली. “तुमच्याशीच.”

डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे सगळं कर्कश वाटेल, मेंदूला सवय लागायला वेळ जातो. म्हणून मी धीर धरला. वर्षावास जवळ आला तशी मीच विहाराच्या सेक्रेटरींना जाऊन भेटले. आलेखाची गोष्ट सांगितली. ते समंजस गृहस्थ होते. म्हणाले, बँकेतले काका तसेही गुडघ्यांमुळे येत नाहीत, ताईंनाच वाचू द्या. म्हाताऱ्यांना निरोप गेले. ज्या उरल्या होत्या त्या आल्या. आईने कपाटातलं इस्त्रीचं पांढरं पातळ काढलं आणि दुपारभर घरात इकडून तिकडे फिरत राहिली. वाचायचा भाग तिने आधी तीनदा मनात वाचला, शाळेच्या पहिल्या दिवशी जशी धडा वाचायची तशी.

पप्पांनी डब्यांत पुन्हा रेशमी ट्वीटर बसवले होते. माझ्या सांगण्यावरून, पण बसवले होते. ते शेवटच्या ओळीत अँप्लिफायरपाशी बसले, मी त्यांच्या शेजारी. वंदना झाली. आईने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली.

आवाज तोच होता. थोडा थकलेला, पण तोच. स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीने शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. कोणी पदर कानावर घेतला नाही. मी पप्पांकडे पाहिलं. ते ऐकत होते. दोन-तीन वाक्यं त्यांनी ऐकली. मला खात्री आहे, कारण त्यांचा चेहरा मी दुकानातल्या स्टुलापासून ओळखते. काहीतरी नीट वाजतं तेव्हा त्यांची हनुवटी किंचित वर होते. ती झाली. चांगलं आहे हे त्यांना कळलं. पहिल्यापासून चांगलंच होतं, हेही त्यांना कळलं असणार.

मग त्यांनी एकेक करून दोन्ही यंत्रं कानांतून काढली, डबीत ठेवली आणि डबी खिशात टाकली.

मी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी माझ्याकडे न बघता खुणेनेच सांगितलं, राहू दे. आणि डोळे मिटून बसले. आईने पान उलटताना वर पाहिलं. हॉल लहान आहे, शेवटची ओळ फार लांब नाही. तिने ती डबी खिशात जाताना पाहिली. वाचण्यात खंड पडला नाही. भाग संपेपर्यंत ती वाचत राहिली, मधे एकीने विचारलं तेव्हा थांबून समजावलंही.

बसस्टॉपकडे चालताना पप्पा आपणहून बोलले. “आज छान झालं वाचन,” ते म्हणाले. “शब्द न् शब्द कळत होता.”

आई चालता चालता थांबली. साध्या आवाजात, न ओरडता, तिने विचारलं, “काय वाचलं मी आज?”

“हो, हो,” पप्पा म्हणाले. “अगदी.”

बस आली. आम्ही चढलो. यंत्रं खिशातच होती, आणि खिशातच ठेवायची होती, हे मला तेव्हा समजलं. घालून बसले असते तर काय काय ऐकावं लागलं असतं. मी जो राग सोडून दिला होता तो मला पुरा परत मिळाला, आणि आता त्याला कानाची सबबही नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई तयार झाली नाही. मी विचारलं तर म्हणाली, नको. पप्पा एकटेच गेले. ती गॅलरीत बसून बराच वेळ माझ्याशी बोलत होती, आजीबद्दल, शाळेतल्या मुलांबद्दल. आवाज घंटेसारखा स्वच्छ. पुढच्या महिन्यात सेक्रेटरी रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी काळजीने चौकशी केली, ताईंचा घसा आता कसा आहे? पप्पांनी विहारात सांगितलं होतं की तिचा आवाज बसलाय, तिला आता वाचणं झेपत नाही. कोणी जास्त विचारलं नव्हतं. आवाजातलं त्यांना कळतं, हे सगळ्यांना माहीत होतं.